जॉर्जियस ॲग्रिकोला : राखेच्या वाटीत चांदीचा कस पाहणारा शिक्षक



आज आपण एका शिक्षकाचे चरित्र पाहणार आहोत. पुढे हे शिक्षक वैद्य झाले, नगराध्यक्ष झाले आणि खाणींवरचे एक मोठे पुस्तक लिहून गेले. पण मला त्यांची ओळख तुम्हाला करून द्यायची आहे ती एका छोट्याशा वाटीमधून. ही वाटी कशाची? तर खाटिकाकडच्या टाकाऊ हाडांची, हरणाच्या शिंगांची, माशांच्या काट्यांची, नाहीतर चामडे कमावताना निघणाऱ्या खरवडीची. हे सगळे जाळायचे, त्याची राख करायची आणि त्या राखेची वाटी थापायची. आणि या वाटीत काय करायचे? चांदी आणि सोने खरे की खोटे ते पाहायचे!

विश्वास बसत नाही ना? मग जरा घरातल्या दागिन्याकडे बघा. त्यावर हॉलमार्कचा शिक्का असेल आणि शेजारी ९१६ हा आकडा असेल, तर त्याचा अर्थ हजार भागांत ९१६ भाग शुद्ध सोने, म्हणजेच २२ कॅरट. असा आकडा खात्रीने सांगता यावा म्हणून हॉलमार्क केंद्रात सोन्याचा बारीकसा नमुना घेऊन तो भट्टीत, सच्छिद्र वाटीत तपासण्याची पद्धत आजही वापरतात. या वाटीला क्युपेल म्हणतात. तिची कृती, तिचा आकार, तिच्यासाठी लागणारी राख, हे सगळे जवळजवळ पावणेपाचशे वर्षांपूर्वी ज्यांनी सविस्तर लिहून ठेवले, त्यांचे नाव जॉर्जियस ॲग्रिकोला.

शेतकरी नावाचा मुलगा

२४ मार्च १४९४ रोजी जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात, ग्लाउखाउ नावाच्या गावी त्यांचा जन्म झाला. घरचा धंदा कापडाचा. मूळ नाव गेऑर्ग बाउअर. जर्मन भाषेत बाउअर म्हणजे शेतकरी. त्या काळी युरोपात विद्वान मंडळी आपले नाव लॅटिन भाषेत करून घेत. लॅटिनमध्ये शेतकऱ्याला म्हणतात ॲग्रिकोला. आपण इंग्रजीत शेतीला ॲग्रिकल्चर म्हणतो ना, त्याच घराण्यातला हा शब्द. असा कापडवाल्याच्या घरचा बाउअर, पुढे जन्मभर खाणी आणि धातूंमध्ये रमला आणि जगाला मात्र शेतकरी या नावाने माहीत झाला. मुलांना ही गंमत जरूर सांगा, नाव चटकन लक्षात राहते.

१५१४ मध्ये ते लाइपझिग विद्यापीठात दाखल झाले. तिथे लॅटिन आणि ग्रीक भाषांची त्यांना गोडी लागली. शिक्षण आटोपल्यावर १५१८ च्या सुमारास ते झ्विकाउ या गावी शिकवायला गेले. ग्रीक आणि लॅटिन हे त्यांचे विषय. वयाची पंचविशी जेमतेम ओलांडली असेल नसेल, तोच त्यांच्याकडे शाळेचे प्रमुखपद आले.

इथे एक गोष्ट आपण शिक्षकांनी टिपून ठेवण्यासारखी आहे. १५२० मध्ये त्यांचे पहिले पुस्तक छापले गेले. ते खाणीवर नव्हते की धातूंवर नव्हते. ते होते लॅटिन व्याकरणाचे, अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांना सोप्या पद्धतीने व्याकरण कसे शिकवावे यासाठीचे छोटे पुस्तक! म्हणजे अवघड विषय पायरी पायरीने उलगडून सांगायची सवय त्यांना शाळेच्या वर्गातच लागली होती. पुढचे सगळे काम या सवयीवर उभे आहे.

औषधे शोधत खाणीच्या गावी

काही वर्षांनी त्यांनी शाळा सोडली आणि वैद्यकाचा अभ्यास सुरू केला. त्यासाठी ते इटलीला गेले. बोलोन्या आणि व्हेनिस या शहरांत राहिले. व्हेनिसच्या प्रसिद्ध आल्डस छापखान्यात गॅलेन या प्राचीन ग्रीक वैद्याचे ग्रंथ छापायचे काम चालू होते. त्या मजकुराच्या संपादनात त्यांनी मदत केली. जुन्या ग्रीक ग्रंथांत अनेक खनिजांचे औषध म्हणून उल्लेख येत. पण ते खनिज म्हणजे नेमके कोणते, दिसते कसे, मिळते कुठे, हे काही केल्या कळत नसे. नाव आहे, वस्तू नाही! आपल्याकडेही जुन्या ग्रंथातल्या एखाद्या वनस्पतीबाबत असे होते, नाही का?

हा गुंता पुस्तके वाचून सुटणार नाही, खाणीतच जायला हवे, असे त्यांच्या मनाने घेतले. १५२७ मध्ये त्यांनी योआखिमस्थाल या गावी नगरवैद्याची नोकरी धरली. हे गाव बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात आहे. १५१६ मध्ये तिथे चांदी सापडली आणि बघता बघता डोंगरातल्या वस्तीचे हजारो लोकांचे गजबजलेले शहर झाले. तिथल्या चांदीची जी जाड नाणी पाडली जात, त्यांना गावाच्या नावावरून योआखिमस्थालर म्हणत. बोलता बोलता त्याचे झाले थालर, आणि थालरवरून पुढे आला डॉलर! अमेरिकेच्या चलनाचे नाव असे एका खाणीच्या गावावरून आलेले आहे.

ॲग्रिकोला रुग्ण तपासत आणि उरलेला सगळा वेळ खाणीत नाहीतर धातू गाळायच्या भट्ट्यांपाशी घालवत. कामगारांना विचारत, हत्यारे पाहत, दगड हातात घेऊन निरखत. एका खाणीत त्यांचा स्वतःचा छोटा हिस्साही होता, त्यातून त्यांना उत्पन्न मिळे. म्हणजे ते नुसते लांबून बघणारे नव्हते. १५३० मध्ये त्यांनी खाणकामावरचे पहिले पुस्तक काढले, तेही संवादाच्या रूपात. खाणीची माहिती असणारा एक जाणकार आणि दोन विद्वान डोंगरातून फिरत बोलत आहेत, अशी त्याची मांडणी. त्या काळचे थोर पंडित इरॅस्मस यांनी त्या पुस्तकासाठी शिफारसपत्र लिहून दिले होते.

चांदी किती, हे सांगायचे कसे?

आता आपल्या वाटीकडे येऊ.

खाणीतून दगड निघाला. त्यात चांदी आहे असे वाटते. पण किती? हजार किलो दगडात एक किलो की फक्त दहा ग्रॅम? यावर सगळे अवलंबून. खाण चालू ठेवायची की बंद करायची, हिस्सेदाराला काय द्यायचे, राजाला कर किती, हे सगळे त्या एका आकड्यावर ठरे. नाण्यांचेही तेच. नाण्यात चांदी कमी आणि तांबे जास्त घातले तर बाहेरून पटकन कळत नाही. पण फसतो कोण? ज्याला मजुरी त्या नाण्यात मिळते तो. म्हणून कस काढणाऱ्याच्या हातात मोठी जबाबदारी असे.

सोनाराकडचा कसोटीचा दगड आपल्याला माहीत आहे. दागिना त्यावर घासायचा आणि उमटलेल्या रेघेचा रंग पाहायचा. ॲग्रिकोलांनी या पद्धतीचेही वर्णन केले आहे. वेगवेगळ्या कसाच्या सुया करायच्या, त्यांच्या रेघा शेजारी ओढायच्या आणि तुलना करायची. पण रंगावरून येतो तो अंदाज. पक्का आकडा हवा असेल तर अग्नीच हवा, आणि अग्नीबरोबर ती राखेची वाटी.

कृती थोडक्यात अशी. चांदीच्या नमुन्यात शिसे मिसळायचे. भट्टीत तापवलेल्या राखेच्या वाटीत हे ठेवायचे. वरून मातीचे कमानीसारखे झाकण असते, म्हणजे कोळसा आत पडत नाही, पण हवा मात्र खेळती राहते. सगळे वितळते. तापलेल्या शिशाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन शिशाचा ऑक्साइड तयार होतो. तांब्यासारख्या हलक्या धातूंचेही ऑक्साइड होतात आणि ते या वितळलेल्या शिशाच्या ऑक्साइडमध्ये विरघळतात. आणि मग ही वाटी तो सगळा मळ पिऊन टाकते!

सोने आणि चांदी मात्र ऑक्सिजनला दाद देत नाहीत. शेवटी वाटीच्या तळाशी एक चमकदार मणी उरतो. शिशाचा शेवटचा पापुद्रा नाहीसा होतो, त्या क्षणी मणी एकदम लखकन चमकतो. कस काढणारे त्या चमकेची वाट पाहत बसत. मग तो मणी तोलायचा. सुरुवातीचे वजन आणि शेवटचे वजन, बस्स, कस कळला. मणी सोने आणि चांदीचा मिळून असेल तर पुढे नत्राम्लात चांदी विरघळवून सोने वेगळे करतात.

सोनाराची मूस आणि ही वाटी यांतला फरक मुलांना विचारा. मुशीने आतले द्रव्य धरून ठेवायचे असते, ती पाझरली तर सोनाराचे नुकसान. ही वाटी मात्र पाझरण्यासाठीच केलेली असते. एकीचा जो दोष, तोच दुसरीचा गुण.

वाटी मळच का पिते, चांदी का नाही?

हा प्रश्न चौकस मूल नक्की विचारेल, म्हणून उत्तर तयार ठेवूया.

हाड जाळले की त्यातला जैविक भाग जळून जातो. उरते ती मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटची पांढरी राख. ही राख ९०० ते १००० अंश सेल्सिअसच्या भट्टीतही वितळत नाही आणि शिशाच्या ऑक्साइडमुळे सहजी खराब होत नाही. ती दाबून वाटी केली की कणांमध्ये असंख्य बारीक मोकळ्या जागा राहतात. हीच सच्छिद्रता.

आता वितळलेला धातू आणि वितळलेला ऑक्साइड यांचे स्वभाव वेगळे. वितळलेल्या चांदीचे किंवा शिशाचे पृष्ठताण फार जास्त असते. अळूच्या पानावर पाण्याचा थेंब कसा गोळा होऊन बसतो, तशी ती राखेवर गोळा होऊन बसते, छिद्रांत शिरत नाही. शिशाचा ऑक्साइड मात्र राखेला भिजवतो. टीपकागद शाई शोषतो किंवा दिव्याची वात तेल ओढते, तसा तो केशाकर्षणाने छिद्रांत ओढला जातो. वाटी साधारण आपल्या वजनाइतका ऑक्साइड शोषू शकते. एकदा छिद्रे भरली की तिचे काम संपले, म्हणून प्रत्येक तपासणीला नवी वाटी.

आपल्या माठाचेही असेच असते की! नवा माठ छान पाझरतो, पाणी गार करतो. काही वर्षांनी पाण्यातल्या क्षारांनी त्याची छिद्रे बुजतात आणि मग आई म्हणते, आता नवा माठ आणायला हवा.

ही पद्धत ॲग्रिकोलांनी शोधली असे मात्र मुलांना सांगू नका. शिशाच्या मदतीने चांदी शुद्ध करणे हजारो वर्षांपासून माणसाला ठाऊक होते. ॲग्रिकोलांचे काम वेगळे. कस काढण्याची विद्या तोपर्यंत उस्तादाकडून शागिर्दाकडे, हातातून हातात जात होती. काही छोट्या पुस्तिका होत्या, पण ज्याला आधीच येते त्यालाच त्या कळत. किमयागारांची पुस्तके तर मुद्दाम कोड्यात लिहिलेली असत. ॲग्रिकोलांना याचा राग होता. त्यांनी वाटीसाठी कोणती राख हलकी, कोणती चांगली, कोणती सर्वांत उत्तम, हे ओळीने लिहिले. जनावरांच्या डोक्याची हाडे चांगली, हरणाची शिंगे आणि माशांचे काटे त्याहून सरस, काही लोक चामड्याची खरवड जाळून राख करतात, असे सगळे. साचा कसा असावा, राख कशी दाबावी, भट्टी कशी रचावी, तराजू किती नाजूक असावा आणि वाऱ्याने हलू नये म्हणून तो काचेच्या पेटीत कसा ठेवावा, हेही सांगितले. वर्गात पायरी पायरीने शिकवणारा शिक्षक इथे दिसतो.

आणि कचऱ्याची गोष्ट इथेच संपत नाही. मोठ्या भट्टीत चांदी शुद्ध करताना खालचा राखेचा थर शिसे पिऊन जड होई. तोही फेकत नसत. फोडून पुन्हा दगड गाळायच्या भट्टीत टाकत, म्हणजे त्यातले शिसे परत कामी येई. आपल्याकडे सोनारआळीत झारेकरी सोनाराच्या दुकानातला केर आणि राख धुऊन त्यातून सोन्याचे कण काढत, त्याच जातीचा हा व्यवहार.

खाणीतल्या माणसांचे काय?

चांदीची चमक सांगितली की तिची किंमतही सांगायला हवी. ॲग्रिकोला वैद्य होते, ते त्यांनी कधी विसरू दिले नाही.

कोरड्या खाणीत दगड फोडताना उडणारी धूळ कामगारांच्या छातीत जाते, फुप्फुसे खराब होतात, दम लागतो, माणूस झिजून मरतो, हे त्यांनी स्पष्ट नोंदवले. कार्पेथियन डोंगरातल्या खाणींमध्ये काही बायकांना एकामागून एक सात नवरे करावे लागले, कारण प्रत्येक नवरा याच दुखण्याने गेला, अशी एक हृदय पिळवटणारी माहिती त्यांनी दिली आहे. त्यावर उपाय म्हणून तोंडावर सैलसर फडके बांधावे, खाणीत हवा खेळती ठेवणारे पंखे आणि भाते बसवावेत, असे त्यांनी सुचवले. त्या पंख्यांची चित्रेही काढून घेतली.

योआखिमस्थालच्या आणि आसपासच्या खाणींतले हे दुखणे पुढे फार गाजले. चांदीबरोबर तिथे एक काळा जड दगड निघे. त्यात युरेनियम होते, हे अठराव्या शतकाच्या अखेरीस कळले. त्या दगडातून युरेनियम काढून घेतल्यावर उरलेला टाकाऊ चोथा मेरी आणि पिएर क्यूरी यांनी मागवून घेतला आणि त्यातून रेडियम वेगळे केले. म्हणजे याच गावच्या कचऱ्याने विज्ञानाला एक नवे मूलद्रव्य दिले! आणि त्या भागातल्या कित्येक खाणकामगारांना होणारा छातीचा आजार हा किरणोत्सारी रेडॉन वायूमुळे होणारा फुप्फुसाचा कर्करोग होता, हेही पुढच्या काळात उलगडले. ॲग्रिकोलांना हे कारण माहीत असणे शक्यच नव्हते. पण माणसे मरत आहेत, याची नोंद त्यांनी प्रामाणिकपणे केली होती.

खाणींच्या विरुद्ध बोलणाऱ्यांचे म्हणणेही त्यांनी टाळले नाही. जंगले तोडली जातात, पशुपक्षी नाहीसे होतात, दगड धुतलेले पाणी ओढ्यात सोडल्याने मासे मरतात, शेते नासतात, ही तक्रार त्यांनी आपल्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच मांडली आणि मग आपली उत्तरे दिली. त्यांची सगळी उत्तरे आज आपल्याला पटतील असे नाही. पण विरोधकाचा मुद्दा झाकून न ठेवता पूर्ण मांडायचा आणि मग आपले बोलायचे, ही रीत वादविवाद स्पर्धेची तयारी करणाऱ्या मुलांना शिकवण्यासारखी आहे.

वैद्य, नगराध्यक्ष आणि लेखक

१५३१ च्या सुमारास ॲग्रिकोला चेम्निट्झ या शहरात नगरवैद्य म्हणून आले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. १५३३ मध्ये त्यांनी प्राचीन मापे आणि वजने यांवर पुस्तक लिहिले. कस काढणाऱ्या माणसाला वजनाचे महत्त्व कळणारच. १५४६ मध्ये खनिजांवरचे त्यांचे महत्त्वाचे ग्रंथ छापले गेले. खनिजांचे गट त्यांनी डोळ्यांना आणि हातांना कळणाऱ्या गुणांवरून पाडले. रंग, चमक, कठीणपणा, चव, वास, आकार. सहावीच्या मुलाला दगडांचा संग्रह दिला तर तोही असेच गट पाडेल, नाही का? म्हणून अनेक जण त्यांना खनिजशास्त्राचे जनक म्हणतात.

त्याच वर्षी त्यांच्यावर चेम्निट्झच्या नगराध्यक्षपदाची जबाबदारी आली. एकूण चार वेळा त्यांनी ते पद सांभाळले. काळ कठीण होता. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात युद्ध पेटले होते. सॅक्सनी प्रोटेस्टंट झाला होता, त्यांचे शहरही प्रोटेस्टंट. ॲग्रिकोला मात्र जन्मभर कॅथलिक राहिले. तरीही प्रोटेस्टंट राजाने त्यांच्यावर विश्वास टाकला आणि शहराने त्यांच्याकडून कामे करून घेतली. १५५२ आणि १५५३ मध्ये प्लेग आला, तेव्हा वैद्य म्हणून त्यांनी रुग्णांची सेवा केली आणि १५५४ मध्ये प्लेगवर पुस्तक लिहिले.

हे सगळे चालू असताना एक मोठे काम मागे पडत पडत पुढे जात होते. खाणकाम आणि धातुविद्या यांवरचा बारा भागांचा ग्रंथ. डे रे मेटॅलिका हे त्याचे लॅटिन नाव. त्यावर त्यांनी वीसेक वर्षे खर्च केली. सातव्या भागात आपली राखेची वाटी आहे. मजकूर लिहून झाला तरी चित्रांसाठी काही वर्षे थांबावे लागले. नुसते शब्द वाचून पुढच्या पिढीला हत्यार कसे होते ते कळणार नाही, म्हणून चित्रकाराला पैसे देऊन त्यांनी चित्रे काढून घेतली आणि त्यांचे लाकडी ठसे कोरले गेले. आपण फळ्यावर आकृती काढल्याशिवाय पुढे जात नाही, तसेच हे. आपण स्वतः जे पाहिले नाही किंवा विश्वासू माणसाकडून वाचले-ऐकले नाही, ते पुस्तकात घ्यायचे नाही, असा त्यांचा नियम होता. काठी फिरवून जमिनीखालचा धातू शोधणाऱ्यांची त्यांनी माहिती दिली, पण खऱ्या खाणकामगाराला त्या काठीची गरज नाही, निसर्गातल्या खुणा वाचायला शिकावे, हेच सांगितले.

कबरीला जागा मिळाली नाही

२१ नोव्हेंबर १५५५ रोजी चेम्निट्झमध्ये ॲग्रिकोला वारले. आणि ज्या शहराची त्यांनी चोवीस वर्षे सेवा केली, प्लेगमध्ये साथ दिली, चार वेळा कारभार पाहिला, त्या शहराने त्यांना पुरायला जागा नाकारली. कारण एकच, त्यांचा पंथ वेगळा होता. शेवटी त्यांचे मित्र असलेल्या कॅथलिक बिशपांनी पुढाकार घेतला. सुमारे ५० किलोमीटर दूर असलेल्या त्साइट्झ या गावी शव नेले आणि तिथल्या मोठ्या चर्चमध्ये त्यांचे दफन झाले.

वीस वर्षे ज्यासाठी खपले ते पुस्तकही त्यांना छापील रूपात पाहायला मिळाले नाही. ते स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरी १५५६ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी बाहेर आले. पुढे जवळजवळ दोनशे वर्षे खाणवाल्यांचा तो मुख्य आधारग्रंथ राहिला. १९१२ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर झाले. भाषांतरकार होते एक पतिपत्नी. पती खाण अभियंता, पत्नी भूगर्भशास्त्र शिकलेली आणि लॅटिन उत्तम जाणणारी. त्यांची नावे हर्बर्ट हूव्हर आणि लू हेन्री हूव्हर. हेच हर्बर्ट हूव्हर १९२९ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले!

वर्गात काय करता येईल?

सर्वांत आधी एक सूचना. वर वर्णन केलेली शिशाची कृती शाळेत किंवा घरी चुकूनही करू नका. शिशाची वाफ आणि धूळ विषारी असते, मुलांच्या मेंदूला तर फारच घातक. हॉलमार्क केंद्रांतही हे काम धूर बाहेर खेचणाऱ्या व्यवस्थेत करतात. पण सच्छिद्रता शिकवायला शिसे कशाला हवे? आपल्याकडे कुंभार आहेत की!

आपले कुंभार मातीत राख, लीद, भुसा मिसळतात, हे अनेक मुलांनी पाहिलेले असेल. भट्टीत भुशाचा कण जळून जातो आणि त्याच्या आकाराची पोकळी मागे राहते. या तत्त्वावर आज जगात अनेक ठिकाणी टाकाऊ वस्तूंपासून सच्छिद्र मातीची भांडी करतात. लाकडाचा भुसा किंवा भाताचे तूस चाळून मातीत मिसळायचे, भांडे भाजायचे, आणि त्याच्या बारीक छिद्रांतून पाणी गाळून घ्यायचे. ग्वाटेमालात १९८१ मध्ये अशा गाळण्याच्या भांड्यांचे काम सुरू झाले आणि नंतर ते अनेक गरीब देशांत पोचले. जंतूंची वाढ रोखायला या भांड्यांना चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचा लेप देतात. बघा, वाटीतून चांदी बाहेर आली आणि पुन्हा सच्छिद्र भांड्यातच येऊन बसली!

आता प्रयोग. साहित्य : माती, चाळलेला भुसा किंवा तूस, वजनकाटा, बादलीभर पाणी.

१. सारख्या आकाराच्या पणत्या करा. काही नुसत्या मातीच्या, काहींत चार वाट्या मातीला एक वाटी भुसा.

२. सावलीत पूर्ण वाळवा आणि जवळच्या कुंभारकाकांना विनंती करून त्यांच्या भट्टीत भाजून घ्या. ते काम मोठ्यांनीच करायचे.

३. थंड झाल्यावर प्रत्येक पणतीचे कोरडे वजन लिहा. मग २४ तास पाण्यात बुडवून ठेवा, बाहेर काढून फडक्याने पुसा आणि पुन्हा वजन करा.

४. वाढलेल्या वजनाला कोरड्या वजनाने भागा आणि १०० ने गुणा. समजा कोरडी पणती ५० ग्रॅम आणि भिजलेली ६० ग्रॅम, तर शोषण २० टक्के.

५. सोबत विटेचा तुकडा, कुंडीचे खापर आणि चिनी मातीचा कप यांचेही शोषण काढा आणि तक्ता करा.

भुसा मिसळलेली पणती कोरडी असताना हलकी भरेल आणि पाणी जास्त पिईल, पण हाताने दाबली तर लवकर मोडेलही. म्हणजे छिद्रे वाढली की ताकद घटते. भुसा किती घालावा, हा तोल मुलांना स्वतः शोधू द्या. भंडारा, गोंदिया किंवा कोकणातल्या शाळांना तूस सहज मिळेल, इतरांनी सुताराकडे जावे. टक्केवारी, सरासरी, स्तंभालेख, निरीक्षणे लिहिणे, सगळे एकाच उपक्रमात होऊन जाते.

निरीक्षणे लिहिताना मुलांना ॲग्रिकोलांचा नियम लावा. जे दिसले तेच लिहायचे. पणती फुटली तर फुटली असे लिहायचे, शेजाऱ्याचा आकडा बघून आपला आकडा सुधारायचा नाही. वजनकाट्यावर जे आले ते आले. आणि वहीत इतके स्वच्छ लिहायचे की पुढच्या वर्षीच्या मुलांनी ती वही उघडून, कुणालाही न विचारता, तशीच पणती करून दाखवली पाहिजे.

तुमच्या शाळेत हा उपक्रम केलात तर मुलांचे तक्ते जपून ठेवा. तुमच्या गावची माती किती पाणी पिते, हे अजून कुणी मोजलेलेही नसेल!